आख्यान साधूचे, निरूपण साहेबाचे

दिवाळी अंकात समीक्षा म्हटली की ती कवितासंग्रहाची, कादंबरीची, फार तर एखाद्या नाटकाची असावी, असा आपल्याकडे संकेत आहे. मी आज जिच्याविषयी लिहिणार आहे ती गोष्ट कोणत्याही कथासंग्रहात सापडायची नाही. ती छापली गेली एका व्यापारविषयक नियतकालिकात. तिचा लेखक पेढीवरचा माणूस. आणि तिचे वाचक म्हणजे उद्या कारखाने, बँका आणि कापडाच्या कंपन्या चालवायला निघालेली पंचविशीतली मुले. परंतु गोष्ट ती गोष्टच. तिच्यात प्रसंग आहे, पात्रे आहेत, संवाद आहेत आणि शेवट तर फारच चांगला आहे. ज्या कथा वाचून माणसे नुसते उसासे टाकतात त्यांची आपण पानेच्या पाने चिकित्सा करतो; मग जी वाचून माणसे निर्णय घ्यायला शिकतात तिची थोडी चिकित्सा झाली, तर फराळाची चव काही बिघडणार नाही.

गोष्टीचे नाव 'द पॅरेबल ऑफ द साधू', म्हणजे साधूची बोधकथा. लेखक बोवेन मॅकॉय. हे गृहस्थ मॉर्गन स्टॅन्ली या अमेरिकन पेढीत मोठ्या हुद्द्यावर होते. १९८३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'त त्यांनी ती लिहिली, आणि १९९७ साली त्याच नियतकालिकाने ती अभिजात म्हणून पुन्हा छापली. व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गात नीतीचा तास आला की आजही ती निघते. माझ्या हाती ती आली ती अशीच. माझी एक जुनी विद्यार्थिनी एका व्यवस्थापन संस्थेत शिकवते. उद्योगसंस्था आणि मानवी हक्क असा एक छोटा अभ्यासक्रम तिच्याकडे आला, तेव्हा तिने मला वर्गात येऊन बसायचे निमंत्रण दिले. "सर, तुम्ही जन्मभर गोष्टी शिकवल्यात. आमच्याकडे सगळे शिक्षण गोष्टींतूनच चालते. एकदा येऊन बघा तरी." मी गेलो. निवृत्त प्राध्यापकाला वर्गाचे आमंत्रण म्हणजे माहेरचे बोलावणेच की!

आता गोष्ट सांगतो. १९८२ साली पेढीने दिलेल्या सहा महिन्यांच्या रजेत मॅकॉय हिमालयात पायी हिंडत होते. बरोबर स्टीफन नावाचा मानववंशशास्त्रज्ञ मित्र, शेर्पा वाटाडे आणि हमाल. साठ दिवसांच्या वाटचालीतला सर्वांत उंच टप्पा म्हणजे १८,००० फुटांवरची एक खिंड. ती ओलांडली की पलीकडे मुक्तिनाथ. हवा वाईट होती. सूर्य वर आला आणि बर्फ भुसभुशीत झाले की खिंड बंद. मॅकॉय यांना पूर्वी एकदा उंचीवरच्या हवेने चांगलेच आजारी पाडले होते, त्यामुळे मनात धाकधूक. अशा वेळी, नुकतेच उजाडलेले असताना, सुमारे १५,५०० फुटांवर, पुढे गेलेला एक न्यूझीलंडचा गिर्यारोहक परत खाली येताना दिसला. त्याच्या खांद्यावर एक देह होता. तो देह त्याने मॅकॉय यांच्या पायाशी आणून टाकला. जवळजवळ उघडा, अनवाणी, थंडीने गारठलेला एक भारतीय साधू. मला जमले तेवढे मी केले, तुमच्याकडे हमाल आहेत, आता तुम्ही बघा, अशा अर्थाचे काही बोलून न्यूझीलंडवाला आपल्या सोबत्यांसह पुढे निघून गेला.

साधू जिवंत होता. मागून आलेल्या स्विस प्रवाशांनी आणि स्टीफनने आपापल्या गाठोड्यांतले कपडे काढून त्याला नखशिखान्त पांघरले. मॅकॉय यांनी खाली पाहिले, तर जपानी मंडळी एक घोडा घेऊन वर येत होती. त्यांनी खिंडीची काळजी बोलून दाखवली आणि ते पुढे निघाले. स्टीफन मागे राहिला. त्याने जपान्यांकडे घोडा मागितला. त्यांनी दिला नाही, खाणेपिणे दिले. त्याने शेर्पांच्या नाईकाला विनवले की हमालांकरवी साधूला खाली झोपडीपर्यंत पोचवा. नाईक म्हणाला, मग हमालांना खिंड पार करायला ताकद उरणार नाही. शेवटी शेर्पांनी साधूला थोडे खाली नेले, उन्हातल्या एका खडकावर ठेवले आणि आणखी खाली असलेली झोपडी त्याला बोटाने दाखवली. शेवटचा तो दिसला तेव्हा जपान्यांचा कुत्रा त्याला भेवडावत होता आणि तो निस्त्राणपणे त्या कुत्र्याला दगड मारत होता. पुढे त्याचे काय झाले ते कोणालाच माहीत नाही. माथ्यावर स्टीफन धापा टाकत पोचला. मॅकॉय अभिनंदनासाठी धावत गेले, तेव्हा त्याने त्यांना विचारले की एका माणसाच्या मरणाला हातभार लावल्यावर कसे वाटते.

गोष्ट इथे संपते आणि निरूपण सुरू होते. आपल्या कीर्तनात आधी पूर्वरंग, मग आख्यान. इथे क्रम उलटा आहे एवढेच. निरूपणात मॅकॉय सांगतात की माथ्यावर प्रत्येक जण आपापल्या परीने थोडेसे करून पुढे गेला, कारण त्या जमावाला एकत्र विचार करण्याची रीत नव्हती, सर्वमान्य मूल्ये नव्हती. कंपन्यांतही असेच होते. एकट्या माणसाच्या सदसद्विवेकाला संस्थेचा आधार लागतो, तो नसला की चांगली माणसेही साधूला सोडून पुढे जातात.

हे निरूपण खोटे आहे असे मी म्हणणार नाही. किंबहुना लेखकाच्या प्रामाणिकपणाचे मला कौतुक वाटते. स्वतःला इतक्या कमीपणाच्या जागी उभे करून लिहिणारे साहेब थोडे. स्टीफनच्या तोंडचा एक बोचरा प्रश्नही त्यांनी वगळलेला नाही: साधूच्या जागी नीटनेटक्या पोशाखातली एखादी पाश्चात्त्य बाई असती, तर तुम्ही काय केले असते? आणि त्या कुत्र्याचा तपशील! तो कोणत्याही कसबी कथाकाराने हेवा करावा असा आहे. इतका वेळ जो नुसता देह होता, उचलून आणला जाणारा, पांघरला जाणारा, खडकावर ठेवला जाणारा, तो एवढ्या एका क्षणात माणूस होतो. त्याला भीती वाटते. त्याला राग येतो. त्याचा हात उठतो. सगळ्या गोष्टीत साधूने आपणहून केलेली कृती काय ती एवढीच.

माझी तक्रार निरूपणाशी आहे तितकीच आख्यानाशीही आहे. साधू असा उघडा का, अनवाणी का, नेहमीची सोपी वाट सोडून या अवघड वाटेने का आला, किती वेळ बर्फात पडून होता, असले प्रश्न विचारण्यात अर्थ नव्हता, असे लेखक एके ठिकाणी सांगून टाकतो. कारण काय? तर त्यांच्या उत्तरांनी 'आमचा प्रश्न' सुटणार नव्हता. हे वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचले. मरायला टेकला आहे साधू, आणि प्रश्न आमचा! कथेचा दृष्टिकोन म्हणून आपण मराठीच्या वर्गात जे शिकवतो ते सगळे या एका सर्वनामात आहे. ही साधूची गोष्ट नव्हेच. साधू ज्याच्या वाटेत आला त्या माणसाची ही गोष्ट आहे.

वर्गात हेच घडताना मी पाहिले. पन्नासेक मुलेमुली, हुशार, चुणचुणीत. बाईंनी विचारले, "तुम्ही मॅकॉय असता तर?" भराभर हात वर झाले. एकाने काठ्यांची आणि तंबूच्या कापडाची डोली सुचवली. एकाने किती हमाल, किती तास, किती फूट असा हिशेब फळ्यावर मांडला. एक जण म्हणाला, घोड्याचे भाडे देऊ केले असते तर जपानी कबूल झाले असते. नेता कोणी व्हायचे यावर अर्धा तास वाद झाला, आणि तो खरोखरच चांगला झाला. मग मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, तो साधू भारतातला होता ना? मग त्याला हिंदीत विचारायचं होतं. शेर्पांना थोडंफार हिंदी येत असणार." वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "काय विचारायचं होतं?" मुलगी म्हणाली, "हेच, की कुठं जायचंय. वर की खाली."

इतकी वर्षे ही गोष्ट देशोदेशी वाचली जाते, तिच्यावर रकानेच्या रकाने लिहिले गेले आहेत. हा प्रश्न आणखी कोणी कोणी विचारला असेल. परंतु गोष्टीची बांधणीच अशी आहे की तो सुचू नये.

या बांधणीचा इतिहास थोडक्यात सांगायला हवा. अमेरिकेत कायद्याच्या शाळांतून खटले वाचून कायदा शिकवायची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पडली. १९०८ साली निघालेल्या हार्वर्डच्या व्यापारी शाळेने ती १९२० नंतर उचलली. तिथले अधिष्ठाता वॉलेस डॉनम हे शिक्षणाने वकील. खटल्याची झाली 'केस'. १९६१ साली अहमदाबादची भारतीय व्यवस्थापन संस्था हार्वर्डच्या साहाय्याने उभी राहिली, तेव्हा तीच पद्धत आपल्याकडे आली आणि रुजली. पद्धत उत्तम आहे. घोकंपट्टीपेक्षा शतपटींनी बरी. परंतु खटल्याची केस होताना एक गंमत झाली. खटल्यात दोन पक्ष असतात, वादी आणि प्रतिवादी, आणि दोघांचेही म्हणणे कागदावर असते. व्यापारी केसमध्ये उरला एकच पक्ष. बहुधा पहिल्याच परिच्छेदात एक व्यवस्थापक विचारात पडलेला असतो, त्याला सोमवारच्या आत निर्णय घ्यायचा असतो, आणि शेवटी प्रश्न असतो: आता याने काय करावे? बाकीची सगळी माणसे, म्हणजे कामगार, शेजारचे गाव, नदीकाठचे कोळी, ही त्याच्या अडचणीचे तपशील म्हणून येतात.

ऐकताना मला सारखी आपली वेताळपंचविशी आठवत होती. तिथेही खांद्यावर देह आहे, अवघड वाट आहे, आणि गोष्टीच्या शेवटी प्रश्न. पण वेताळाच्या प्रश्नाला किंमत आहे. उत्तर ठाऊक असून दिले नाही तर राजाच्या डोक्याची शंभर शकले. दिले तर प्रेत पुन्हा झाडावर आणि सगळी पायपीट नव्याने. वर्गातल्या राजाला यातले काही होत नाही. तास संपला की तो उपाहारगृहात जातो. शिवाय गोष्टी सांगतो तो तिथे खांद्यावरचा! हा फरक मला लहानसा वाटत नाही.

मराठी वाचकाला आणखी एक गोष्ट आठवेल, ती म्हणजे नाथांची. काशीची गंगा कावडीतून रामेश्वराला न्यायची, जन्मात एकदाच घडायची यात्रा. आणि वाटेत वाळवंटात तहानेने तडफडणारे गाढव. नाथांनी कावड त्याच्या तोंडात रिकामी केली. मॅकॉय यांच्या गोष्टीशेजारी ही ठेवली तर वर्गात कोणाचाही ऊर भरून येईल, आणि माझ्या विद्यार्थिनीने ती ठेवलीही. मी मात्र तिला तासानंतर म्हटले, की बाई ग, ही गोष्ट या विषयाला लागू नाही. साधूचीही नाही. दोन्ही दयेच्या गोष्टी आहेत. गाढवाच्या घशाला नाथांनी कोरड आणली नव्हती, आणि साधूला मॅकॉय यांनी बर्फात निजवले नव्हते. दोघेही वाटसरू. तुमचा विषय वाटसरूंचा आहे का?

माझे म्हणणे खरे तर एवढेच आहे. कंपनीला वाटसरू समजून मानवी हक्क शिकवता येत नाहीत. वाटसरूने मदत केली तर तो थोर, न केली तर फार तर कठोर. कंपनीची गोष्ट वेगळी असते, कारण बऱ्याचदा ती वाट तिनेच पाडलेली असते.

बांगलादेशातले उदाहरण घेऊ. ढाक्याजवळ सावार नावाचे गाव आहे. तिथे राणा प्लाझा नावाची आठ मजली इमारत होती. तळाशी दुकाने आणि एक बँक, वरच्या मजल्यांवर तयार कपड्यांचे पाच कारखाने. वरचे काही मजले परवानगीवाचून चढवलेले. २३ एप्रिल २०१३ रोजी इमारतीला तडे गेलेले दिसले. माणसे बाहेर काढली गेली. दुसऱ्या दिवशी बँक बंद राहिली, दुकाने बंद राहिली. शिवणकामाच्या कामगारांना मात्र वर चढायला सांगितले गेले. त्यांत बायका पुष्कळ. आत जाणार नाही म्हणणाऱ्यांना पगार कापण्याच्या धमक्या मिळाल्या. सकाळी नऊच्या आधी वीज गेली, जनित्रे सुरू झाली, आणि इमारत कोसळली. १,१३४ माणसे गेली. ढिगाऱ्यात युरोप-अमेरिकेतल्या नामांकित कंपन्यांची लेबले सापडली. आपला माल तिथे शिवला जात होता हे काहींनी आधी मान्यही केले नाही.

या गोष्टीत साधू कोण आणि वाटसरू कोण, ते सांगता येत नाही, आणि म्हणूनच ती वर्गात अवघड जाते. कपडा विकणारी कंपनी सावारला गेलीच नव्हती. तिने फक्त दर कमी करून मागितला आणि तारीख अलीकडे ओढली. मधल्या दलालाने काम कारखानदाराला दिले, कारखानदाराने जागा भाड्याने घेतली, जागेच्या मालकाने मजले चढवले. स्विसांनी कपडे दिले, जपान्यांनी खाऊ दिला, त्याच हिशेबाने इथेही प्रत्येकाने आपल्या वाट्याचे करून देह पुढच्याकडे सोपवला. स्टीफनने माथ्यावर जे सुनावले ते या साखळीला तंतोतंत लागू पडते, हे मॅकॉय यांच्या गोष्टीचे बळ मला मान्य आहे. परंतु डोंगरावर देह हाती आल्यानंतरची टोलवाटोलवी आहे. सावारला ती देह पडण्याच्या कितीतरी आधी सुरू झाली होती, आणि तिच्यात प्रत्येकाचा नफा होता.

या आधीची, म्हणजे २०११ सालची एक गोष्ट. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेने उद्योगसंस्था आणि मानवी हक्क यांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे त्या वर्षीच्या जूनमध्ये एकमताने मान्य केली. एकंदर ३१. ती जॉन रगी या हार्वर्डच्याच प्राध्यापकाने सहा वर्षे देशोदेशी हिंडून सिद्ध केली होती. भाषा रुक्ष आहे. दिवाळीत वाचायला घ्या असे मी कोणाला सुचवणार नाही. पण समीक्षकाच्या नजरेने पाहिले तर त्यांत एक संबंध नवी कथनपद्धती आहे. कंपनीने इजा स्वतः केली का, इजेला हातभार लावला का, की तिच्या धंद्याच्या संबंधांतून ती इजेशी जोडली गेली, असे तीन प्रश्न तिथे आहेत. वाटसरूला यांतला एकही प्रश्न लागू होत नाही. शिवाय इजा होण्याच्या आधीच तिचा माग काढावा, आणि तो काढताना ज्यांना इजा होण्याचा संभव आहे त्यांच्याशीच बोलावे, असे तिथे सांगितले आहे. मागच्या बाकावरच्या मुलीचा प्रश्न एका रुक्ष दस्तऐवजाला सुचला होता, तो इतक्या सुरस गोष्टीला सुचला नव्हता. आणखी एक कलम मला फार आवडले. कंपनीने चांगली कामे अवश्य करावीत, परंतु त्यांनी हक्क तुडवल्याची भरपाई होत नाही, अशा आशयाचे ते आहे. आपल्याकडच्या शेठजींच्या धर्मशाळा आठवून मी मनाशी हसलो.

आपल्याकडे हा घोटाळा विशेष आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करणे भाग पाडले. हेतू चांगला, पुष्कळ शाळांना छपरे मिळाली. पण त्यामुळे वर्गातल्या मुलांच्या मनात कंपनीची सामाजिक जबाबदारी म्हणजे हे दोन टक्के असे पक्के बसले आहे. उरलेले अठ्ठ्याण्णव कसे मिळवले, हा त्यांना दुसऱ्या खात्याचा प्रश्न वाटतो. २०१९ साली केंद्र सरकारने जबाबदार उद्योगाची नऊ तत्त्वे सांगितली, त्यांतले पाचवे मानवी हक्कांचे. २०२२-२३ पासून बाजारमूल्यात अग्रेसर अशा पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना सेबीकडे त्याचा तपशील भरून द्यावा लागतो. किती जणांना मानवी हक्कांचे शिक्षण दिले, तक्रारी किती आल्या, किती मिटल्या. माझ्या विद्यार्थिनीच्या वर्गात मुले असे तक्ते वाचायला शिकतात, आणि ते शिकलेच पाहिजे. फक्त तक्रारींच्या रकान्यात शून्य दिसले की मुले खूश होतात. मला त्या शून्याची भीती वाटते. साधूच्या नावावरही तक्रारींचे शून्यच होते.

भोपाळचेच पाहा. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. पुढच्याच वर्षी कायदा झाला, आणि पीडितांच्या वतीने दावा चालवण्याचा अधिकार एकट्या सरकारकडे आला. कायद्याच्या परिभाषेत सरकार त्यांचे पालक झाले. आपल्या भाषेत मायबाप. फेब्रुवारी १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे सरकार आणि कंपनी यांच्यात ४७ कोटी डॉलरला तडजोड झाली. ज्यांची फुप्फुसे जळाली होती ते तडजोडीच्या मेजावर नव्हते. घोडा कोणाचा, हमाल कोणाचे, खर्च किती, हे सगळे ठरले. वर की खाली, हे विचारायचे राहिले.

दया आणि हक्क यांतला फरक महाराष्ट्राला कोणी अमेरिकेहून येऊन सांगावा असे नाही. तहानेच्या दोन गोष्टी आपल्याकडे आहेत. एक नाथांच्या गाढवाची, दुसरी महाडच्या चवदार तळ्याची. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले, असा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ मध्ये केला होता, महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तो आपल्यापुरता मान्यही केला होता. म्हणजे धोरण होते, कागद होता. आजच्या भाषेत बोलायचे तर अहवालात रकाना भरलेला होता. पाणी मात्र कोणी भरू शकत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. कोणाची कावड त्यांच्यासाठी रिती व्हावी असे त्यांनी मागितले नव्हते. व्यवस्थापनाच्या वर्गात ही गोष्ट केस म्हणून का ठेवू नये, असे मी विद्यार्थिनीला विचारले. ती म्हणाली, "सर, यात मॅनेजर कोण?" मी म्हटले, "नगरपालिका." ती जरा वेळ गप्प राहिली आणि मग तिने वहीत काहीतरी टिपून घेतले.

एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. ही मुले उद्या व्यवस्थापकच होणार. मग त्यांना व्यवस्थापकाच्या जागेवरून विचार करायला नको का शिकवायला? साधूच्या जागी बसवून काय साधणार? हा आक्षेप घेणारे माझ्या ओळखीचे एक गृहस्थ कारखानदार आहेत, सज्जन आहेत, आणि त्यांच्याशी मी दोन संध्याकाळी भांडलो आहे. त्यांचे म्हणणे, की नीती शिकवून येत नसते, ती घरून यावी लागते. वर्गात कायदा शिकवा, दंड किती तो सांगा, पुरे. दंड सांगावा हे मला मान्य आहे. पण राणा प्लाझाच्या साखळीतले सगळेच काही वाईट घरांतून आलेले नसणार. त्यांना आपल्यासमोरच्या कागदावर तो जिना दिसला नाही. दर दिसला, तारीख दिसली. जे कागदावर नाही ते पाहायला शिकवणे, हे काम वाङ्मय फार जुन्या काळापासून करत आले आहे, आणि ते शिकवता येते असा माझा तरी अनुभव आहे.

हे काम कुठेच होत नाही असेही नाही. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या स्टर्न व्यापारी शाळेत मार्च २०१३ मध्ये उद्योग आणि मानवी हक्क यांच्यासाठी स्वतंत्र केंद्र निघाले. व्यापारी शाळेत असे केंद्र निघण्याची ती पहिलीच वेळ, आणि पुढच्याच महिन्यात राणा प्लाझा कोसळली. केंद्राने मग त्याच कपड्यांच्या धंद्याचा, त्यातल्या पोटकंत्राटांच्या जाळ्याचा पिच्छा पुरवला. आपल्याकडच्या संस्थांतून मात्र हा विषय अजून ऐच्छिक, बहुधा शेवटच्या सत्रात, नोकऱ्यांच्या मुलाखती आटोपल्यावर. मुले तेव्हा मनाने कंपनीत पोचलेली असतात.

राणा प्लाझानंतर महिन्याभरात, मे २०१३ मध्ये, परदेशी कंपन्या आणि कामगार संघटना यांच्यात एक करार झाला. अग्नी आणि इमारत सुरक्षेचा. कायद्याने बांधणारा, आणि पुढे दोनशेहून अधिक कंपन्यांनी सही केलेला. तपासण्या, दुरुस्त्या, खर्च कोणाचा, असली कलमे त्यात आहेतच. एक कलम मी विद्यार्थिनीकडून मागून घेऊन दोनदा वाचले. इमारत धोक्याची आहे असे मानायला कामगाराला सबळ कारण असेल, तर आत जायला किंवा आत थांबायला नकार देण्याचा त्याला हक्क आहे, आणि त्यासाठी त्याचा पगार कापता येणार नाही. २४ एप्रिलच्या सकाळी जिन्याच्या पहिल्या पायरीशी घुटमळणाऱ्या बाईला नेमके हेच हवे होते.

जानेवारीत मला पुन्हा वर्गावर बोलावले आहे. साधूची गोष्ट काढून टाकायची नाही असे आम्ही ठरवले आहे; ती फार चांगली लिहिलेली आहे. पण आधी जिन्याची केस द्यायची. पहिल्या परिच्छेदात व्यवस्थापक नाही. सकाळचे आठ वाजले आहेत, भिंतीला तडा आहे, खालची बँक बंद आहे, आणि एक शिवणकाम करणारी बाई डबा हातात घेऊन उभी आहे. पुढचे परिच्छेद विद्यार्थिनी लिहिते आहे. तिला दर आणि तारखा घालायच्या आहेत, आणि त्या खऱ्या मिळवायला वेळ लागतो आहे.